एमिलियाच्या हातातला रुमाल : शोकांतिकेतील एका दुय्यम पात्राचे प्रकरण

ठाण्यातील आमच्या हौशी नाट्यगटाने शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे सुमारे दीड तासाचे मराठी रूप बसवले आणि नौपाड्यातील एका छोट्या सभागृहात त्याचे दोन प्रयोग केले. पहिल्या प्रयोगात एमिलिया मेली तेव्हा प्रेक्षकांपैकी कोणालाच फारसे काही वाटले नाही. दोन महिन्यांनंतरच्या दुसऱ्या प्रयोगात तीच अभिनेत्री, त्याच रंगमंचावर, त्याच वेशात मेली, तेव्हा सभागृहात जी शांतता पसरली ती पडदा पडल्यावरही काही वेळ मोडली नाही. नट तेच होते, दिग्दर्शिका तीच होती आणि प्रेक्षकांतही निम्म्याहून अधिक चेहरे ओळखीचे होते. बदलली होती ती संहिता. आणि तिच्यातही आम्ही नवे काही लिहिले नव्हते, पहिल्या वेळी काढून टाकलेले परत घातले होते. संहितेचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे काढण्याची चूकही माझीच होती. ती का झाली आणि ती दुरुस्त करताना एमिलियाविषयी काय उमगले, हे तपशिलाने लिहून ठेवावे असे मला वाटते.

नाटक बहुतेकांना माहीत असते, तरी एमिलियाच्या बाजूने ते थोडक्यात सांगते. ती सेनापती ऑथेल्लोचा निशाणबरदार इयागो याची बायको आणि ऑथेल्लोच्या बायकोची, डेस्डेमोनाची सोबतीण आहे. ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेली पहिली भेट म्हणजे एक कशिदा काढलेला रुमाल. तो हातून पडतो, एमिलिया तो उचलते आणि नवऱ्याला देते. इयागो तोच रुमाल ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ याच्या खोलीत टाकतो, त्या दोघांविषयीचा ऑथेल्लोचा संशय त्यावर पक्का होतो आणि तो निरपराध डेस्डेमोनाला ठार मारतो. रुमालाचे खरे काय झाले हे सगळ्यांसमोर सांगणारी एकटी एमिलिया असते, आणि सांगितल्याबद्दल तिचा नवरा तिला तिथेच भोसकतो. नाटकाचे नाव तिचे नाही, तिच्यासाठी स्वतंत्र कथानक नाही, पहिल्या अंकात तर ती रंगमंचावर येतच नाही. तरीही शेवटच्या प्रवेशाचा अर्धा भार तिच्या खांद्यावर आहे.

आम्ही काय कापले

सभागृह रात्री दहाला रिकामे करून द्यायचे असल्यामुळे नाटक दीड तासात बसवणे भाग होते आणि मूळ नाटक पूर्ण केले तर तीन तासांच्या आसपास जाते. कात्री लावायची तर होतीच, पण ती कुठे लागली यात योगायोग नव्हता. मी एमिलियाची तीन ठिकाणे बदलली. पहिले, रुमाल ती स्वतःहून देत नाही, तर इयागो तो तिच्या हातातून हिसकावून घेतो असे केले. दुसरे, "तो रुमाल कुठे पडला असेल गं, एमिलिया?" असे डेस्डेमोना विचारते आणि एमिलिया "मला नाही माहीत, बाईसाहेब" असे म्हणते, ती दोन वाक्ये काढली. तिसरे, शेवटच्या प्रवेशात खरे कळत असताना तिच्या तोंडून निसटलेले एक छोटेसे वाक्य काढले, ज्याच्याकडे मी पुढे येणार आहे. याउलट चौथ्या अंकातले तिचे प्रसिद्ध भाषण, ज्यात बायकांनाही नवऱ्यांसारखेच डोळे, नाक, जीभ आणि वासना असतात असे ती म्हणते, ते पूर्ण ठेवले आणि दिग्दर्शिकेने ते रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणायला लावले.

हेतू सरळ होता. प्रेक्षकांना एमिलिया आवडावी म्हणून तिच्या अंगावरचा डाग मला पुसायचा होता. चोरी करणारी आणि वर खोटे बोलणारी बाई मेली तर कोण हळहळेल, असा माझा हिशेब होता. या हिशेबाचे मूळ आपल्याच रंगभूमीच्या सवयीत आहे असे आता वाटते. ठाण्यात नाटकाचा विषय निघाला की मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन डोळ्यांपुढे येते, आणि ज्या राम गणेश गडकऱ्यांचे नाव त्या वास्तूला दिले आहे त्यांच्या 'एकच प्याला'ने मराठी प्रेक्षकाच्या करुणेला एक साचा दिला. १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभराच्या आत, ते नाटक गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले आणि बालगंधर्वांची सिंधू घराघरांत पोहोचली. सिंधू सोसते, कधी उलट बोलत नाही, मरतानाही नवऱ्यावर आळ येऊ देत नाही, आणि आपण तिच्यासाठी रडतो ते तिच्या निष्कलंकपणासाठी. हा साचा खोटा नाही; नायिकेच्या बाबतीत तो आजही काम करतो. 'ऑथेल्लो'तही डेस्डेमोना शेवटच्या श्वासाला, हे कोणी केले असे विचारल्यावर, "कोणीही नाही, मीच" असे म्हणते. माझी चूक ही की एका नाटकात दोन सिंधू उभ्या करायला मी निघाले होते.

पहिला प्रयोग

भाषणाला टाळ्या पडल्या, चांगल्या दणदणीत पडल्या, आणि त्यामुळे आम्ही काही काळ फसलो. शेवटच्या प्रवेशात मात्र एमिलिया धावत आली, ओरडली, इयागोचे बिंग फोडले आणि मेली, तेव्हा खुर्च्यांतून कुजबुज ऐकू येत होती. नाटकानंतर चहा घेताना मी मुद्दाम लोकांशी बोलले. पाचपाखाडीहून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने जे सांगितले ते मी त्याच रात्री उतरून ठेवले : "ती बाई चांगली आहे हो, पण तिचं काय जळत होतं ते मला कळलंच नाही. तिला एवढं ओरडायला काय झालं?"

हा प्रश्न अचूक होता. आमच्या एमिलियाला ओरडण्याचे कारणच उरले नव्हते. रुमाल तिच्याकडून हिसकावला गेला होता, म्हणजे तिचा दोष नव्हता. तिला कोणी रुमालाविषयी विचारले नव्हते, म्हणजे ती खोटेही बोलली नव्हती. मालकिणीच्या मरणाचे तिला दुःख होणे स्वाभाविक होते, पण ते दुःख बाहेरच्या माणसाचे होते. तिच्या किंचाळण्यातला जो अर्धा भाग स्वतःवर कोसळत असतो, तो मी कापलेल्या पानांत राहिला होता. टाळ्या घेणारे भाषणही या कोरडेपणाला हातभार लावत होते. ते म्हणताना ती एमिलिया राहत नव्हती, एका योग्य विचाराची प्रवक्ती होत होती, आणि प्रवक्तीच्या म्हणण्याशी प्रेक्षक सहमत होतो, तिच्यासाठी हळहळत नाही.

मुळाकडे परत

दुसऱ्या प्रयोगाची तयारी सुरू करण्याआधी आम्ही तिघींनी, म्हणजे दिग्दर्शिका, एमिलियाचे काम करणारी अभिनेत्री आणि मी, मूळ नाटक फक्त एमिलियाच्या ओळींपुरते वाचले. त्याबरोबर शेक्सपिअरने ज्या इटालियन कथेवरून नाटक घेतले तिचाही आधार घेतला. ही कथा जिराल्दी चिंथिओ याने १५६५ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर माझ्या कात्रीचा अर्थ मला लख्ख दिसला.

चिंथिओच्या कथेत निशाणबरदाराच्या बायकोला सगळे ठाऊक असते. नवऱ्याचा कट तिला माहीत आहे, त्यात सामील व्हायला ती नकार देते, पण त्याच्या भीतीने मालकिणीला काही सांगत नाही. रुमालाशी तिचा संबंध नाही; नवराच तो चोरतो, आणि तोही आपल्या लहान मुलीला डिस्डेमोनाच्या मांडीवर देऊन, तिचे लक्ष मुलीकडे असताना कमरेचा रुमाल काढून घेतो. पुढे ही बायको जिवंत राहते आणि नवरा मेल्यावर हकीकत जगाला सांगते. शेक्सपिअरने या बाईच्या बाबतीत दोन गोष्टी उलट्या केल्या. तिच्याकडचे ज्ञान काढून घेतले आणि तिच्या हातात रुमाल ठेवला. कथेतली बायको जाणते पण काही करत नाही. नाटकातली एमिलिया करते पण जाणत नाही. पहिलीला आपण भित्री म्हणून सोडून देऊ. दुसरीला सोडता येत नाही, कारण तिने केले ते आपल्यापैकी कोणीही केले असते.

हे "कोणीही" किती बारकाईने रचले आहे ते रुमालाच्या प्रवेशात दिसते. एमिलिया एकटी असते. रुमाल सापडल्याचा तिला आनंद होतो, कारण तिच्या लहरी नवऱ्याने तो चोरून आण म्हणून शंभरदा तगादा लावलेला आहे. तिचा पहिला विचार असा की याच्यावरचा कशिदा दुसऱ्या कापडावर उतरवून घेऊ आणि ती नक्कल नवऱ्याला देऊ. म्हणजे मूळ वस्तू मालकिणीला परत मिळावी ही सोय तिच्या मनात आहे. तो याचे काय करणार हे देवाला ठाऊक, मला तर केवळ त्याची हौस पुरवायची आहे, असेही ती म्हणते. तेवढ्यात इयागो येतो, नेहमीप्रमाणे तिला टाकून बोलतो, आणि टोमणा ऐकल्यावर ती रुमाल पुढे करून विचारते की आता याबद्दल मला काय द्याल. तिला त्याच्याकडून एक बरा शब्द हवा आहे. दुसऱ्या अंकात, सायप्रसच्या किनाऱ्यावर चारचौघांत त्याने तिची वाचाळ म्हणून टिंगल केलेली आपण पाहिलेली असते. आपली नियत वाईट असल्याचा नवऱ्याला संशय आहे, आणि तोही ऑथेल्लोच्याच संदर्भात, हेही तिला माहीत आहे. अशा घरात एका बऱ्या शब्दाचे मोल काय असते ते सांगायला नको. आणि तरीही रुमाल त्याच्या हातात गेल्यावर ती म्हणते की महत्त्वाचे काही काम नसेल तर परत द्या, बिचारी बाईसाहेब वेडी होईल. तो म्हणतो, तुला काही माहीत नाही असं दाखव, आणि जा.

माझ्या पहिल्या संहितेत इयागोने हिसकावल्याबरोबर ही सगळी बाई नाहीशी झाली होती. तिची हौस, तिची भूक, नक्कल करण्याचा तिचा साधा बेत आणि परत मागण्याचा क्षीण प्रयत्न, सगळेच. हिसकावणे मूळ प्रवेशातही आहे, पण ते तिने रुमाल दाखवून बक्षीस मागितल्यानंतर येते. मी ते आधी आणून तिचा हात मोकळा केला होता.

दुसऱ्या वेळी हा प्रवेश जसाच्या तसा आला तेव्हा आधी अडचण झाली ती रुमालाची. पहिल्या प्रयोगासाठी जांभळी नाक्यावरून आणलेला नवा कोरा रुमाल खळीने कडक होता आणि हातात धरला की कागदासारखा उभा राहायचा. अभिनेत्रीने घरून आजीच्या पेटीतला जुना, धुवून धुवून मऊ झालेला, कोपऱ्यात लाल टाक्यांची फुले असलेला रुमाल आणला. मूळ नाटकात त्यावर स्ट्रॉबेरी आहेत. आम्ही फुलांवर भागवले. त्या रुमालावर ती आपोआप बोट फिरवू लागली, टाका कसा घातला आहे ते पाहण्यासाठी मागची बाजू उलटून बघू लागली, जसे शिवणकाम येणारी कोणतीही बाई बघते. कशिद्याची नक्कल करण्याचे वाक्य त्यानंतर तिला पाठ करावे लागले नाही. इयागोने रुमाल ओढला तेव्हा तिची बोटे क्षणभर तशीच, रिकाम्या हवेत टाका धरून राहिली.

"मला नाही माहीत, बाईसाहेब"

या वाक्यावर आमचे सर्वांत जास्त वाद झाले. दिग्दर्शिकेला ते नको होते. तिचे म्हणणे असे की रुमाल देणे भाबडेपणा म्हणून खपते, पण मालकीण समोर व्याकूळ होऊन विचारत असताना थंडपणे खोटे बोलणे खपणार नाही. शिवाय पुढे ऑथेल्लो येतो आणि डेस्डेमोनाकडे रुमाल मागतो, पुन्हा पुन्हा मागतो, तेव्हा एमिलिया तिथेच उभी असते. एक वाक्य बोलली तर नाटक तिथेच संपेल. ती बोलत नाही. तो निघून गेल्यावर ती पुरुषांवर चिडून बोलते, की ते पोटे आहेत आणि आपण अन्न, भूक असेपर्यंत खातात आणि पोट भरल्यावर ढेकर देतात. खरे सांगायचे सोडून ती दुसरेच खरे सांगते.

मला वाटते, सहानुभूतीचे बीज नेमके इथे आहे, आणि ते बीज पेरले जाताना ती मुळीच सहानुभूतीसारखी वाटत नाही. प्रेक्षकाला तिचा राग येतो. पण हा राग इयागोविषयीच्या रागाहून वेगळा असतो. इयागोला आपण अडवू शकत नाही हे आपल्याला कळते; एमिलियाला मात्र कोणीतरी कोपराने ढोसावे आणि "सांग ना" म्हणावे असे वाटत राहते. ज्याला ढोसावेसे वाटते तो माणूस आपण मनाने आपल्या घरातला मानलेला असतो. शिवाय तिच्या गप्प बसण्याची कारणे आपल्याला ठाऊक असतात. नवऱ्याने दटावले आहे, आता सांगितले तर चोरी उघडी पडेल, आणि एका रुमालावरून एवढे काय होणार. जे आपल्याला माहीत आहे ते तिला माहीत नाही, आणि या दोन माहितींमधले अंतर प्रत्येक प्रवेशात वाढत जाते. चौथ्या अंकात ती इयागोच्याच समोर, कोणत्या तरी हलकटाने हुद्दा मिळवण्यासाठी हे कुभांड रचले असणार, असे शपथेवर सांगते. शेजारी तोच हलकट उभा असतो आणि असा माणूसच नाही म्हणतो.

शेवटी वाक्य ठेवले. ते कसे म्हणायचे याचा तोडगा अभिनेत्रीनेच काढला. ती त्या वेळी चादर घडी करत होती. प्रश्न आल्यावर तिने घडी मोडली नाही, उलट टोकाला टोक जुळवण्याकडे जास्त लक्ष दिले आणि वर न बघता उत्तर दिले. खोटे बोलणारा माणूस हाताला काम शोधतो, हे तिने कुठे वाचलेले नव्हते. ती एका दवाखान्यात स्वागतकक्षात बसते आणि रोज माणसे पाहते. ही चादर पुढे फार उपयोगी पडली, कारण मूळ नाटकात मरणाच्या रात्री डेस्डेमोना लग्नातल्या चादरी पलंगावर घालायला सांगते आणि त्या घालणारी एमिलियाच असते.

भाषणाचे काय करायचे हाही प्रश्न होता. 'ऑथेल्लो'च्या १६२२ सालच्या पहिल्या छापील प्रतीत हे भाषण नाही आणि डेस्डेमोनाचे विलोच्या झाडाचे गाणेही नाही. दोन्ही १६२३ च्या संग्रहात येतात. म्हणजे त्याशिवाय नाटक उभे राहू शकते. आम्ही ते ठेवले, पण प्रेक्षकांकडची दिशा काढून टाकली. झोपण्याआधी दोघी बायका केस सोडत, पिना काढत बोलत आहेत, डेस्डेमोनाचे लक्ष अर्धे दुसरीकडे आहे, आणि एमिलिया तिला हसवण्याच्या निमित्ताने आपले घर उघडे करते आहे, असे ते म्हटले गेले. दुसऱ्या प्रयोगात त्याला एकही टाळी पडली नाही.

नवऱ्याचे नाव

मराठीने आम्हाला एक गोष्ट अशी दिली जी इंग्रजीत नाही. मूळ नाटकात एमिलिया नवऱ्याला नावाने हाक मारते आणि त्या भाषेत त्यात विशेष काही नाही. आपल्याकडे बायकोने नवऱ्याचे नाव न घेण्याची चाल अजून पूर्ण गेलेली नाही. घेतलेच तर ते उखाण्यात घेतात, आणि ठाण्याच्या चाळींत वाढलेल्या आमच्या आयांच्या पिढीला तर "अहो" एवढेच संबोधन पुरत होते. म्हणून आमच्या एमिलियाने संपूर्ण नाटकात इयागोला "अहो" म्हटले, त्याच्याविषयी बोलताना "हे" म्हटले, आणि तो तिला "अगं" आणि "तू" म्हणत राहिला. रुमाल मिळाल्यावर एकटी असतानाही ती "ह्यांना देईन" म्हणाली.

मग शेवटचा प्रवेश येतो. ऑथेल्लो सांगतो की तुझ्या नवऱ्याला सगळे ठाऊक होते. मूळ संहितेत एमिलिया तीनदा एवढेच म्हणते, "माझा नवरा?", आणि ऑथेल्लो वैतागून विचारतो की हे काय सारखे सारखे. पहिल्या प्रयोगात वेळ वाचवण्यासाठी मी तीनचे एक केले होते. आता तिन्ही परत आले आणि तिन्ही वेगवेगळे उमटले. पहिले नुसते ऐकू न आल्यासारखे होते. दुसऱ्यात ती रुमालापर्यंत पोहोचते, पण रुमालाचे नाव अजून कोणी घेतलेले नाही, म्हणून तिला स्वतःशीही ते म्हणता येत नाही. तिसऱ्यात तिला कळलेले असते आणि ती फक्त वेळ मागत असते.

पुढे इयागो आल्यावर ती "दुष्टपणा, दुष्टपणा" असे म्हणता म्हणता मध्येच म्हणून जाते, "मला तेव्हाच वाटलं होतं." मी काढलेले तिसरे वाक्य हेच. तेव्हाच म्हणजे केव्हा, काय वाटले होते, हे शेक्सपिअर सांगत नाही. ती रुमाल देतानाची शंका असेल, हलकटाविषयी बोलतानाची असेल. एवढे नक्की की काही तरी जाणवले होते आणि तिने ते बाजूला सारले होते. मला हे वाक्य धोक्याचे वाटले होते, कारण त्याने तिचा अजाणपणा भंगतो. वाचताना समजले की तो भंगायलाच हवा. इथून पुढे ती दुसऱ्याच्या पापाची साक्षीदार उरत नाही. ती जे बोलणार आहे त्यात स्वतःच्या विरुद्धची साक्षही आहे, आणि ती देण्याची सक्ती तिच्यावर कोणी केलेली नाही. गप्प बसली असती तर जगली असती.

इयागो तिला घरी जायला बजावतो. आमच्या संहितेत ती उपस्थित पुरुषांना म्हणते, "ह्यांचं ऐकणं माझं काम आहे, पण आत्ता नाही." मग त्याच्याकडे वळून, "कदाचित, इयागो, मी आता घरी येणारच नाही." पूर्ण नाटकात पहिल्यांदा नाव, आणि तेही एकेरी. तालमीत हे पहिल्यांदा म्हटले गेले तेव्हा इयागोचे काम करणारा नट पुढची ओळ विसरला. दुसऱ्या प्रयोगात नावाबरोबर मागच्या रांगांतून श्वास घेतल्याचा आवाज आला. मी प्रकाशयोजनेच्या टेबलाशी बसले होते आणि तो मला स्पष्ट ऐकू आला.

बाकीच्यांविषयी का नाही

याच नाटकात डेस्डेमोनावर भाळलेला रॉडरिगोही इयागोच्या हातून मरतो, फसवला गेलेला असतो आणि मरताना इयागोला शिव्याही देतो. त्याच्याविषयी कोणालाच फार वाटत नाही, कारण त्याला कळते ते केवळ आपण फसलो हे. आपल्यामुळे दुसऱ्याचे काय झाले हे त्याला कधी कळत नाही. कॅसिओ निर्दोष आहे, जखमी होतो, आणि शेवटी सायप्रसचा कारभार त्याच्याकडे येतो. त्याच्या निर्दोषपणाचा आपल्याला आनंद होतो आणि आपण त्याला विसरतो.

अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाविषयी म्हटले आहे की तो अगदी सज्जनही नसावा आणि दुर्जनही नसावा, त्याच्या हातून झालेल्या प्रमादातून त्याच्यावर संकट यावे. हे वाक्य आपण नेहमी मुख्य पात्राला लावतो. एमिलियाला ते ऑथेल्लोपेक्षा नेमके लागू पडते असे माझे मत आहे. ऑथेल्लोचा प्रमाद खुनापर्यंत जातो आणि त्याच्याविषयीच्या करुणेत भीती मिसळते, एमिलियाचा प्रमाद एका रुमालाएवढाच राहतो. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ नटाने या चर्चेत कर्णाचे उदाहरण दिले. भर द्यूतसभेत द्रौपदीला नको ते बोललेला कर्ण मराठी माणसाच्या मनात इतका जवळचा कसा, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचेच उत्तर असे होते की आपण कोण हे त्याला अशा वेळी कळते जेव्हा त्या कळण्याचा उपयोग संपलेला असतो, आणि तरीही तो दिलेला शब्द मोडत नाही. एमिलियालाही कळते ते डेस्डेमोना गेल्यावर. तिच्या सत्याने कोणी वाचत नाही, डेस्डेमोनाच्या नावावरचा कलंक तेवढा पुसला जातो. एवढ्यासाठी ती जीव देते.

पलंग

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. भोसकल्यावर एमिलिया म्हणते, "मला बाईसाहेबांच्या शेजारी ठेवा." मूळ नाटकात या मागणीला कोणी उत्तर देत नाही. पुरुष इयागोच्या मागे धावतात, ऑथेल्लो आपल्या दुःखात असतो. ती विलोच्या गाण्याचे शब्द पुटपुटते, डेस्डेमोना शुद्ध होती आणि तिचे तुझ्यावर प्रेम होते असे ऑथेल्लोला सांगते आणि मरते. तिला पलंगावर ठेवले की नाही हे दिग्दर्शकावर असते. पहिल्या प्रयोगात आमचा पलंग म्हणजे एका सदस्याच्या घरचा दिवाण होता, त्यावर दोघी मावत नव्हत्या, म्हणून आम्ही तिला दोघांकरवी आत नेले होते. प्रेक्षकांच्या कुजबुजीचे तेही एक कारण असणार.

दुसऱ्या वेळी दिग्दर्शिकेची इच्छा होती की सैनिकांनी तिला उचलून डेस्डेमोनाशेजारी झोपवावे. तिचे म्हणणे, बाईने एवढी किंमत मोजल्यावर निदान शेवटची मागणी पुरी व्हावी. माझे म्हणणे असे होते की संहितेत कोणी ऐकत नाही तर आपणही ऐकू नये. आयुष्यभर तिचे म्हणणे कोणी ऐकले नाही, आणि ज्या खोलीत ती मोठ्याने बोलली त्या खोलीतही ऐकून घेतले ते फक्त तिचे पुराव्याचे वाक्य. आम्ही ठरवले की ती जमिनीवरूनच सरकत पलंगापर्यंत जाईल आणि जिथे पोहोचेल तिथे थांबेल. दुसऱ्या प्रयोगात ती पोहोचली नाही. तिचा हात दिवाणावरून खाली लोंबणाऱ्या चादरीच्या टोकापर्यंत गेला, तेच टोक जे तिने तिसऱ्या अंकात घडी घालताना दुसऱ्या टोकाशी जुळवले होते, आणि ते तिच्या मुठीत राहिले.

पहिल्या प्रयोगाला प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिका दुसऱ्या प्रयोगालाही आल्या होत्या. निघताना त्या थोड्या रागातच म्हणाल्या, "तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर दोघी वाचल्या असत्या." मग दाराशी थांबून त्यांनी विचारले की पुढचा प्रयोग कधी आहे, त्यांना त्यांच्या बहिणीला आणायचे होते. पलंगाविषयी दिग्दर्शिकेचे मत अजून बदललेले नाही. तिसऱ्या प्रयोगासाठी मोठा पलंग मिळाला तर तिला तिच्या पद्धतीने तो प्रवेश करून पाहायचा आहे, आणि ते पाहायला मी तयार आहे.